चेक म्हणजे शह

‘चेक करणे’ हे क्रियापद मी शाळेत नीट शिकलो नाही. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीत ते दोनचारदा आलं असेल, पण नगर जिल्ह्यातल्या आमच्या मास्तरांनी ‘तपासणे’ एवढाच अर्थ सांगून पान उलटलं. ते खरं अंगाला चिकटलं चिंचवडला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, पाण्याच्या हौदाकाठी. आता घरात दिवसातून पन्नास वेळा कोणीतरी कोणाला सांगत असतं, दार चेक कर, गॅस चेक कर, मेसेज चेक कर, आणि दर वेळी मी खुर्चीतून उठतो. उठून काही करत नाही. दोन येरझाऱ्या घालतो आणि परत बसतो. सून म्हणते, बाबांच्या पायाला भिंगरी आहे. असू दे. ती कुठून लागली ते आज सांगून टाकतो.

एकोणीसशे पन्नास उलटून चारपाच वर्षं झाली होती. पिंपरीत मोठ्या कारखान्याच्या भिंती नुकत्या उभ्या राहिल्या होत्या, निर्वासितांच्या वसाहतीत दुकानं लागली होती, आणि आकुर्डीला अजून नुसती ज्वारी होती. मला मोठ्या कारखान्यात कोणी घेतलं नाही. एका लहान कारखान्यात घेतलं. दहाबारा माणसं, मालक मुंबई-पुणे करणारे, आणि माल एकच, पितळी स्टोव्ह. रॉकेलचे, पंप मारून पेटवायचे. मला थोडं इंग्रजी येतं म्हणून मला ‘चेकर’ केलं. गावी पत्र लिहून कळवलं, तर वडिलांनी उलट टपाली विचारलं, म्हणजे नक्की काय करतोस? मला सांगता येईना, आणि त्याचा राग मी वडिलांवरच काढला.

काम असं होतं. स्टोव्हच्या टाकीत हवा भरायची, ती हौदात बुडवायची आणि बघत राहायचं. सांध्यातून बुडबुडा आला तर टाकी गळकी. तिथं चुन्याचं बोट लावून ती हौदाच्या डाव्या अंगाला ठेवायची, म्हणजे झाळकाम करणारे, सांध्यांना डाग देणारे चाचा तो सांधा पुन्हा भट्टीवर झाळून देत. बुडबुडा नाही आला तर टाकी उजव्या अंगाला. तिथून ती जोडारी उचलायचा, तिला बर्नर आणि पाय जोडायचा, पुसून लख्ख करायचा आणि पेटीत भरायचा.

प्रत्येक स्टोव्हच्या बुडाला चेकरचा नंबर ठोकलेला असे. माझा नंबर तीन. एक आणि दोन नंबरचे चेकर माझ्याआधी येऊन कंटाळून निघून गेले होते. आता यातली गंमत ऐका. तयार टाकीवर हातोडा मारला तर सांधा हलतो, म्हणून नंबर ठोकायचा तो बुडाची चकती सुटी असतानाच. सकाळी आल्या आल्या मी पंचवीस-तीस चकत्यांवर धडाधड ‘तीन’ ठोकत असे. मग त्या चाचांकडे जात, टाकीला झाळल्या जात, आणि दुपारपर्यंत हौदाकाठी माझ्यापुढे येत. म्हणजे टाकी तयार व्हायच्या आधीच मी ती पास करून मोकळा झालेला असे. हे कोणालाच विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही. कामाची पद्धतच तशी होती.

डझन भरला की कार्डावर इंग्रजीत ‘चेक्ड’ लिहून सही करायची. रोज तोच शब्द, तीच सही. माझा स्वभाव तेव्हाही असाच, एखादी गोष्ट मनात अडकली की खाल्लेलं अन्न पचत नाही. हा शब्द अडकला. पुण्यात फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी शब्दकोश मिळाला होता, कव्हर गेलेला. त्यात पाहिलं तर या शब्दाचा पहिला अर्थ तपासणे नव्हताच. पहिला अर्थ बुद्धिबळातला. मग अडवणे, रोखणे. मग थांबून खात्री करणे. तपासणे आपलं कुठंतरी खाली. आणि शेवटी बारीक अक्षरात शब्दाचा प्रवास दिलेला होता. इंग्रजीत फ्रेंचमधून, तिथं लॅटिनमधून, तिथं अरबीतून, आणि सगळ्यांच्या मुळाशी फारसी. फारसी शब्द दिला होता ‘शाह’. मी दोन दिवस त्या ओळीभोवती घिरट्या घालत होतो.

आमच्या कारखान्यात फारसी वाचू शकणारा माणूस एकच, झाळकाम करणारे चाचा. चिंचवडगावातलेच, पिढ्यान् पिढ्या तांब्यापितळेचं काम करणारं घर. लहानपणी मशिदीत कोणा मौलवींकडं थोडं फारसी शिकलेले, आणि बुद्धिबळाचं जबर वेड. भट्टीशेजारी एका पाटावर खडूनं घरं आखून ठेवलेली असत आणि बर्नरच्या टोप्या सोंगट्या म्हणून चालत. मला ते ‘मास्तर’ म्हणून चिडवायचे, कारण मी कामावरही पुस्तक घेऊन येई.

शुक्रवारची गोष्ट. वैशाखातले लग्नाचे दिवस, रुखवतात पितळी स्टोव्ह ठेवायची नवी हौस आलेली, त्यामुळे मागणी भरपूर. त्या दिवशी मी हौदात टाक्या बुडवत होतो. तीन गळक्या निघाल्या, चुना लावून डावीकडे ठेवल्या. उजवीकडच्या किती झाल्या ते मोजलं नाही. संध्याकाळचा चहा आला. हात पुसले, शब्दकोश काखेत मारला आणि तडक चाचांच्या भट्टीपाशी गेलो.

“चाचा, शाह म्हणजे?”

“शाह म्हंजी बादशा. एवढं बी म्हाईत न्हाई मास्तर?”

“मग इंग्रजीत चेक म्हणजे शाह कसं?”

ते हसायला लागले. पाट ओढून दोन टोप्या समोरासमोर ठेवल्या. “ह्यो तुजा बादशा. ह्यो माजा वजीर. मी तुज्या बादशाला गाठलं. मी काय म्हननार?”

“शह.”

“मग? तेच की ते. साहेबाच्या जिभंला शह म्हनता येईना, चेक म्हनला.”

मी उडालोच. आपण रोज म्हणतो, अमक्यानं तमक्याला शह दिला, त्यानं काटशह दिला, आणि हा मराठी शब्द त्या साहेबी शब्दाचा सख्खा भाऊ! मग पुढचे अर्थ आपोआप उलगडले. राजावर शह आला की दुसरं काही खेळता येत नाही, थांबावंच लागतं. म्हणून चेक म्हणजे थांबवणं. आणि थांबलं की माणूस नीट बघतो. म्हणून चेक म्हणजे बघणं. मी हे सगळं चाचांना घाईघाईनं समजावून सांगत होतो आणि ते बिडी ओढत ऐकत होते.

“पन येक सांगतो,” ते म्हणाले. “शह मोठ्यानं म्हनावा लागतो. न सांगता बादशा उचलला तर तो डाव न्हाई. ती चोरी.”

त्यांनी मला एक डाव खेळायला लावला. मी हरलो, आणि चिडून दुसरा मागितला. तोही हरलो.

शनिवारी सकाळी हौदापाशी आलो तर डावी बाजू रिकामी. मला वाटलं चाचांनी टाक्या नेल्या. चाचा म्हणाले, “माज्याकडं कुटं आल्यात?” मग जोडाऱ्याकडं गेलो. तो बर्नर कसत होता. म्हणाला, “चाकणच्या दुकानदाराची गाडी थांबली होती राव. तू तिकडं सोंगट्या खेळत बसलेला. दोन्ही ढीग उचलले, जोडले, पुसले, दिले पाठवून. सगळ्यांवर तुझा तीन नंबर होता की.”

चुन्याची खूण त्यानं पुसून टाकली होती. त्याची चूक म्हणावी तर तोही बरोबरच होता. नंबर होता की.

गळका स्टोव्ह म्हणजे काय ते स्टोव्ह वापरलेल्या माणसाला सांगायला नको. पंप मारला की सांध्यातून रॉकेलचा बारीक फवारा उडतो, तो ज्योतीवर जातो, आणि समोर बसलेली असते एखादी बाई, पदर खोचून. असे तीन स्टोव्ह माझा नंबर बुडाला घेऊन जगात गेले होते, आणि कोणत्या घरात पेटणार होते हे मला ठाऊक नव्हतं. मालक मुंबईला, सोमवारी येणार. शनिवारचा दिवस मी कसा काढला मलाच माहीत. टाक्या बुडवत होतो आणि एकेक टाकी दोनदोनदा बघत होतो. चहालाही उठलो नाही. जोडारी म्हणाला, ताप आलाय का?

चाचांनी स्वतःहून सायकल दिली. “मालकाची वाट बघू नगंस. सोमवारपत्तूर तीन घरं पेटतील.”

संध्याकाळी कारखान्यातून निघताना जोडाऱ्याच्या फळीवर एक जोडून ठेवलेला स्टोव्ह दिसला, तीन नंबरचा. बदली द्यायला लागेल म्हणून तो उचलला आणि सुतळीनं कॅरिअरला आवळून बांधला. रविवारी सकाळी चाकणच्या रस्त्याला लागलो.

मोशीपर्यंत वारा तोंडावर. तिथं इंद्रायणीचं पात्र वाळून गोटे उघडे पडलेले. साखळी दोनदा उतरली आणि दोन्ही वेळा मी सायकलीला मोठ्यानं शिव्या दिल्या. कडेनं बैलगाडीतून एक वऱ्हाड जात होतं. त्यातली एक म्हातारी माझ्याकडं बघून हसली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, हिच्या गाडीत स्टोव्ह असेल का? त्या दिवशी दिसणारं प्रत्येक घर, प्रत्येक मांडव मी त्याच नजरेनं बघत होतो. धूर दिसला की पाय जोरात फिरायचे.

चाकणच्या पेठेत दुकान सापडलं. भांड्यांचं दुकान, गिऱ्हाइकांची झुंबड. दुकानदार म्हणाला, बारा आले होते, एक काल विकला, अकरा आहेत. मी म्हणालो, पाणी द्या. तो वैतागला, पण मी इतका घामाघूम आणि इतका चिकट दिसत असणार की त्यानं एक मोठं पातेलं भरून दिलं. बर्नर काढून, तोंड बंद करून, हवा भरून मी एकेक टाकी बुडवली. गिऱ्हाइकं भोवती जमली. चौथीला बुडबुडा आला. नवव्या टाकीलाही आला. अकरा संपल्या. बाकी नऊ कोरड्या ठणठणीत.

दोन सापडले. तिसरा म्हणजे विकलेला.

“कोणाला दिला?”

“निघोज्याचं गिऱ्हाईक होतं. पोरीच्या रुखवतात ठेवायचा म्हणून नेला. लग्न आजच आहे, गोरज मुहूर्तावर.” मग त्यानं तपासलेल्या नऊमधला एक पुढं केला. “हा घेऊन जा बदलीला.”

“माझ्याजवळ आहे,” मी म्हणालो. सुतळीच्या गाठी करकचून बसल्या होत्या, त्या सोडून पुन्हा बांधत बसायला मला वेळ नव्हता.

निघोज्याचा रस्ता म्हणजे गाडीवाट. फुफाट्यात चाक रुतत होतं, अर्धी वाट सायकल ढकलतच नेली. डोक्यावर ऊन, आणि डोक्यात एकच चित्र, मांडवातल्या पाहुण्यांना चहा करायला कोणीतरी नवा स्टोव्ह पेटवतंय. दुपार कलता कलता सनईचा आवाज आला. मी जवळजवळ रडलोच. सनई वाजतेय म्हणजे अजून काही झालेलं नाही, एवढंच कळत होतं.

मांडवात गेलो. मला कोणी विचारलं नाही, लग्नघरात घामेजलेला माणूस म्हणजे कामाचाच माणूस. एका कोपऱ्यात घोंगडीवर रुखवत मांडलेलं. कापसाची गाय, पापड-कुरडयांची ताटं, कळशी, परात, आणि मधोमध आमचा स्टोव्ह, हळदकुंकू लावलेला, बर्नरला झेंडूची माळ. अजून पेटवलेला नव्हता. मी तिथंच उकिडवा बसलो.

आता खरं सांगायची वेळ. मी ठरवलं होतं, मोठ्यानं बोलायचं नाही. व्याही मंडळी समोर बसलेली, मुलीच्या बापाची शोभा कशाला? मुकाट्यानं हा उचलायचा, आपला ठेवायचा, माळ बदलायची, निघायचं. चाचांचं शह मोठ्यानं म्हणायचं बोलणं आठवलं, पण ते मी झटकून टाकलं. खरं कारण शोभा नव्हतं. मला भीती वाटत होती. मी बाहेर जाऊन कॅरिअरवरचा स्टोव्ह सुतळी दातानं तोडून काढला, उपरण्याखाली घेऊन आलो, आणि रुखवतातल्या स्टोव्हला हात घातला.

मनगट पकडलं गेलं. मुलीची आत्या. हात चांगला दणकट.

“काय चाललंय रं? रुखवत चोरतुयास व्हय?”

सनई थांबली. मांडवातली सगळी डोकी वळली. मुलीचा बाप धोतर सावरत धावत आला. माझ्या उपरण्याखालचा दुसरा स्टोव्ह बाहेर पडून घरंगळला, आणि एकच कल्ला झाला. एकानं माझी गचांडी धरली. मग मात्र मला ओरडावंच लागलं.

“मी चोर नाही! मी चिंचवडच्या कारखान्यातला माणूस आहे. हा स्टोव्ह गळका आहे, पेटवला तर भडकेल. चूक माझी आहे, यांची नाही. बुडाला बघा, तीन नंबर माझा आहे. बदलून द्यायला चांगला आणलाय.”

बापाचा चेहरा उतरला. व्याह्यांपैकी कोणीतरी म्हणालं, “गळका माल दिला व्हय पोरीला?” बाप माझ्याकडं बघत राहिला. त्या नजरेपुढं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात घराच्या उंबऱ्यातून नवरी बोलली. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, पण आवाज एकदम करकरीत. “घंगाळात पानी हाय. दाव की बुडवून. नवऱ्याची पिंपरीला येक खोली हाय, तितं चूल न्हाई. त्या स्टोवर मलाच सैपाक करायचाय.”

पाय धुवायचं घंगाळ मांडवात आणलं. मी बर्नर काढला, तोंड बंद केलं, हवा भरली आणि टाकी बुडवली. सगळं वऱ्हाड वाकून बघायला लागलं. मी बुडबुड्याची वाट बघत होतो. तो येणारच होता, मी त्याच्यासाठीच एवढा आलो होतो. पाणी निवळ राहिलं. मी टाकी फिरवली, उलटी केली, पुन्हा हवा भरली. काही नाही. टाकी ठणठणीत होती.

आधी कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. व्याही हसले, बापाला हुंदका आला आणि तोही हसला. आत्या म्हणाली, “यडा हाय बिचारा, च्या द्या त्याला.” मला काहीच उमगेना. तिसरा गळका मग गेला कुठं?

नवरी हसत नव्हती. ती खाली पडलेल्या दुसऱ्या स्टोव्हकडं बघत होती, मी बदली म्हणून आणलेल्या.

“आन ह्यो?” तिनं विचारलं. “ह्यो बघितलाय का तुमी पान्यात?”

“हो,” मी म्हणालो.

इतकं पटकन म्हणालो की मलाच ते खरं वाटलं. बुडाला माझा नंबर होता. मी तो बघितला होता. बाकी काही बघितलं नव्हतं.

“मग आजून यकदा बघा,” ती म्हणाली.

मी बर्नर काढला, हवा भरली, टाकी घंगाळात सोडली. हात पाण्याबाहेर काढायच्या आतच सांध्यापासून बुडबुडे सुटले, एकामागून एक, पाय धुवायच्या त्या स्वच्छ पाण्यातून भराभर वर आले. आता हिशेब जुळला. शुक्रवारी जोडाऱ्यानं तेरा स्टोव्ह जोडले होते. बारा चाकणला गेले, तेरावा फळीवर राहिला, आणि तो मी स्वतः बांधून इथवर आणला होता.

नवरीनं वाकून चांगला स्टोव्ह उचलला, पदरानं पुसला आणि रुखवतात जागेवर ठेवला. माझ्याकडं तिनं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. मी ते बुडबुडे बघत बसलो होतो. आत्यानं मला चोर समजून धरलं नसतं, तर नवरीचा चांगला स्टोव्ह काढून हा गळका तिच्या संसारात मीच ठेवला असता, आणि मोठं काम केलं म्हणून शीळ घालत चिंचवडला परतलो असतो.